हाताने घडवलेल्या सुऱ्या, कोयते आणि आडाळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवडी बाजारात किंवा जत्रेत ताडपत्री अंथरून बसलो की दिवसभरात तेच ते प्रश्न येतात. उत्तरं देऊन घसा बसतो, आणि गर्दीत नीट सांगताही येत नाही. म्हणून ती इथे सवडीने लिहिली आहेत. माझी भट्टी कुडाळजवळच्या गावात आहे. आमच्याकडे पाटावर बसवलेल्या विळीला आडाळो म्हणतात. ऐरण आजोबांची. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चार वर्षं कारखान्यात काढली आणि मग परत भट्टीवर आलो.

साध्या सुरीचे सोळाशे रुपये? बाजारात शंभराला मिळते.

मिळते, आणि ती वाईट असतेच असं नाही. पातळ पत्र्यातून साच्याने कापलेली, यंत्रावर धार लावलेली सुरी शंभराला परवडते. टोमॅटो कापायला सहा महिने चालते, मग कोपऱ्यात पडते.

माझ्या सहा इंची सुरीत पोलाद किती? तयार पात्याचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. भंगाराच्या भावाने त्याचे पंधरा-वीस रुपयेसुद्धा होत नाहीत. म्हणजे पोलादाचे पैसे तुम्ही जवळजवळ देतच नाही. पैसे जातात ते चार-पाच किलो कोळशाला, ग्राइंडरच्या पट्ट्यांना, मुठीच्या लाकडाला आणि सहा-सात तासांच्या मजुरीला. शिवाय दहातली एक सुरी पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करताना, वाकते किंवा तडकते. तिचा खर्च उरलेल्या नऊ जणींनी वाटून घ्यायचा असतो. हा हिशोब मी पहिली दोन वर्षं केलाच नव्हता. जत्रेतून खिसा भरून यायचा, आणि महिनाअखेरीस कोळसेवाल्याचे पैसे द्यायला घरात मागायला लागायचे.

पोलाद कुठलं वापरता?

बहुतेक वेळा ट्रकच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे. त्या पोलादात कार्बन साधारण ०.५५ ते ०.६५ टक्के असतो, म्हणजे पाणी घेण्याइतका कडकपणा त्यात असतो आणि मार खाण्याइतका चिवटपणाही. कोयत्याला याहून चांगलं काही नाही. भाजीच्या बारीक सुरीला बेअरिंगचं पोलाद वापरतो. त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास आणि जोडीला दीड टक्का क्रोमियम. धार जास्त टिकते, पण घडवताना ते हट्टी असतं. जरा थंड झाल्यावर हातोडा मारलात तर फाटतं.

घर बांधून उरलेल्या सळईची सुरी होत नाही. कितीही तापवा, कितीही बुडवा, तिच्यात कार्बनच कमी असतो. आकार येईल, धारही दिसेल, पण दोन कांद्यांत मुडपेल. पोलाद ओळखायचं असेल तर ग्राइंडरवर ठिणग्या बघा. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ आणि मोजक्या, तर कार्बनवाल्या पोलादाच्या फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या.

जुन्या पाट्यात एक धोका लपलेला असतो. दहा-बारा वर्षं घाटात वजन पेललेल्या पाट्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात. एकदा अशाच पाट्याचे पाच कोयते केले. पाचवा गिऱ्हाइकाच्या हातात, बांबूवर पहिल्याच घावाला, पात्याच्या मधोमध तुटला. नशिबाने तुकडा पलीकडे उडाला. तेव्हापासून मी गॅरेजमधून शक्यतो न वापरलेले किंवा एका बाजूने तुटून बदललेले पाटे घेतो आणि टोकाकडचा भाग वापरतो.

‘पाणी देणं’ म्हणजे नेमकं काय?

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. आकार कोणीही शिकेल, पण पाणी चुकलं तर सुरी म्हणजे नुसता चमकणारा पत्रा.

घडवून झालेलं पातं मी आधी तीन वेळा लाल करून हवेत थंड होऊ देतो. हातोड्याच्या माराने आत जो ताण बसलेला असतो, तो त्याने सुटतो. मग संध्याकाळची वाट बघायची. दिवसाच्या उजेडात रंग फसवतो. शेडमधला दिवा बंद करून पातं भट्टीत सरकवलं की आधी काळपट तांबडं, मग रातांब्याचा लाल, मग त्याहून उजळ होत जातं. भट्टीशेजारी तारेला बांधलेलं लोहचुंबक असतं. पातं त्याला टेकवून बघायचं. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटणं सोडतं. त्याच्याही थोडं वर, कमानीच्या पोलादाला ८३०च्या आसपास न्यायचं, सगळं पातं एकसारखं उजळलं की टोक खाली धरून सरळ तेलात. इकडे तिकडे हलवलं की वाकलंच. तेल आधी ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं असतं, कारण थंड तेल दाट असतं आणि पात्याची उष्णता हळू ओढतं. मी सोयाबीनचं वापरतो. गाडीचं काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं, पण त्याच्या धुरात काय काय असतं ते छातीलाच कळतं. तेलाच्या डब्याला पत्र्याचं झाकण हाताशी ठेवायचं. तेल पेटलं तर ते झाकायचं, त्यावर पाणी ओतायचं नाही.

बाहेर आलेल्या पात्यावर कानस फिरवायची. काचेवरून घसरावी तशी सर्रकन सरकली तर पाणी बसलं. पण हे पातं आता काचेसारखंच ठिसूळ असतं, हातातून पडलं तर दोन तुकडे. म्हणून त्याच रात्री ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. घासून पांढऱ्या केलेल्या पोलादावर तेव्हा वाळलेल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढतो. कोयत्याला मी त्याहून पुढे, तपकिरीवर नेतो. थोडी धार जाते, पण कोयत्याने नारळ सोलायचा असतो, दाढी करायची नसते.

एक सांगून ठेवतो. घरच्या ओव्हनच्या बटणावरचे आकडे ३० अंशांनी खोटे असू शकतात. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या. माझे पहिले आठ नग त्या बटणाने खाल्ले.

तेलात बुडवता, मग त्याला पाणी का म्हणतात?

आजोबा खरंच पाण्यात बुडवायचे. त्यांच्याकडे ओव्हन नव्हता की थर्मामीटर नव्हता. कोयती लाल करून फक्त धारेची दोन बोटं पाण्यात धरायची, बाहेर काढायची, दगडावर घासून धार पांढरी करायची आणि बघत राहायचं. मागच्या जाड भागात राहिलेली ऊब धारेकडे उतरत यायची आणि पांढऱ्या पट्ट्यावर रंग सरकत यायचे, पिवळा, तपकिरी, जांभळा. हवा तो रंग धारेला पोचला की पुन्हा बुडवायची. कडक धार आणि चिवट पाठ, एकाच तावात, म्हणजे एकदाच तापवून. मी हे करू शकतो, पण त्यांच्याइतकं खात्रीने नाही, आणि आजच्या कमानीच्या पोलादाला पाणी फार जोरकस पडतं. ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकलेला लोहार त्या दिवशी घरात कोणाशी नीट बोलत नाही.

सुरी काळी पडली. परत घ्याल का?

नाही, कारण ती बिघडलेली नाही. हे साधं पोलाद आहे, स्टेनलेस नव्हे. कांदा, कैरी, लिंबू, आमसुलं लागली की निळसर करडा डाग पडतो, हळूहळू सगळं पातं गडद होतं. तुमच्या आजीची विळी काळीच होती ना? तो थर उलट गंजापासून वाचवतो.

तांबूस, बोटाला लागणारा गंज मात्र वेगळा. तो आळसाने येतो. कापून झाल्यावर धुवा, लगेच पुसा, भांड्यांच्या ढिगात रात्रभर ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्याला दोन थेंब खोबरेल तेल पात्याला चोळा. शेंगदाण्याचं तेल लावू नका, महिन्याभरात चिकट राळ होते. गंज आलाच तर भांडी घासायच्या काथ्याला राख लावून घासा. पहिल्या आठवड्यात कैरीच्या फोडींना किंचित लोखंडी चव येईल. नंतर येत नाही.

स्टेनलेसची करून द्याल?

नाही. त्याला हजार अंशांच्या वर, मोजूनमापून तापवणारी विजेची भट्टी लागते. कोळशावर अंदाजाने करून तुम्हाला विकणं म्हणजे फसवणूक.

ही ‘डमास्कस’ आहे का?

नक्षीवाली पाती बघून तरुण मुलं हे हमखास विचारतात. आज त्या नावाने जे विकलं जातं ते दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकमेकांवर रचून, भट्टीत एकजीव करून, दुमडून, पिळून केलेलं असतं. शेवटी आम्लात बुडवलं की निकेल असलेला थर पांढरा राहतो, दुसरा काळा पडतो, आणि लाटा दिसतात. मी फेरिक क्लोराइड वापरतो. इलेक्ट्रॉनिक्सची मंडळी सर्किटसाठी वापरतात तेच.

जुन्या, खऱ्या दिमिष्की, म्हणजे दमास्कस शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, तलवारींची गोष्ट निराळी. त्यांचं पोलाद मुशीत वितळवून केलेलं असायचं आणि त्याच्या वड्या दख्खनमधून पश्चिम आशियात जायच्या. तेलंगणात निजामाबादकडचं कोनसमुद्रम हे त्यासाठी प्रसिद्ध होतं. ती नक्षी थरांची नव्हती, पोलाद थिजताना त्याच्या आतच तयार होणाऱ्या कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कडक कणांच्या, ओळींची होती. म्हणजे नाव परक्या शहराचं, माल आपल्या बाजूचा. माझ्याकडचं थरांचं आहे आणि मी ते तसंच सांगून विकतो. नक्षीने कांदा जास्त चांगला चिरला जात नाही, हेही सांगतो. तरी लोक घेतात. दिसतं सुंदर.

मूठ कसली? शिंगाची मिळेल का?

बाभूळ, फणस, शिसव. बाभळीची मूठ ओल्या हातातही घट्ट बसते. फणसाचा पिवळा रंग वर्षभरात मधासारखा होतो. जवसाचं तेल तीन-चार हात देतो, ते वाळून लाकडात बसतं.

सांबराच्या शिंगाची मूठ दर जत्रेत कोणीतरी मागतंच, आणि ‘रानात गळून पडलेलं आहे, आणून देतो’ असंही म्हणतं. गळलेलं असलं तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे त्याचा व्यापार गुन्हा आहे. नको.

हे विकणं, नेणं कायद्यात बसतं का?

मी वकील नाही, पण पोटाचा प्रश्न असल्यामुळे हे वाचून ठेवावं लागलं. शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या शस्त्राच्या व्याख्येत केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू येत नाहीत. नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं धरली आहेत, तिथेही घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि औद्योगिक अवजारं वगळली आहेत. त्यामुळे आडाळो, विळा, कोयता, सत्तूर, स्वयंपाकाची सुरी हे सगळं अवजार. दुधारी खंजीर मात्र अवजार होत नाही, कितीही ‘शोभेचा आहे’ म्हटलं तरी.

दुसरी गोष्ट महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७. सण, निवडणूक, तणाव असला की त्याखाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि त्यात सुऱ्यांचाही उल्लेख असतो. एका जत्रेत बंदोबस्तावरच्या हवालदारांनी माझ्या पोत्यातले चौदा कोयते बघून मला बाजूला घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही, पहाटे पाच वाजता पोत्यात चौदा कोयते नेणारा माणूस मलाही संशयास्पदच वाटला असता. आता माल पेटीत, प्रत्येक पातं कागदात गुंडाळून, सोबत बिलबुक, लघुउद्योग नोंदणीचं ‘उद्यम’ प्रमाणपत्र आणि जागा भाड्याने घेतल्याची पावती. जत्रेच्या आधी पोलीस ठाण्यात जाऊन सांगूनही येतो.

तुम्ही विकत घेतलेली सुरी विमानाने नेणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत, गुंडाळून. हातातल्या पिशवीत राहिली तर सुरक्षा तपासणीत ती गेलीच म्हणून समजा.

तलवार करून द्याल का? फक्त भिंतीवर लावायला?

नाही.

मला शिकायचं आहे. किती खर्च येईल?

ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी, खालून पाइप, त्याला छोटा ब्लोअर. भात्याचं काम तोच करतो. सांडशी एक, किलोभराचा हातोडा, दोन-तीन कानशी, लाकडी कोळसा. ग्राइंडर सोडून आठ-दहा हजारांत जमतं. ऐरणीऐवजी जाड पोलादाचा कुठलाही ठोकळा चालतो. रेल्वेच्या रुळाचा तुकडा भंगारात दिसला तर पक्कं बिल असल्याशिवाय घेऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ पासून वेगळा कायदा आहे आणि ‘मला ठाऊक नव्हतं’ तिथे चालत नाही.

पहिल्या महिन्यात सुरी करूच नका. खिळे करा, आकडे करा, सांडशी करा. पातं एका बाजूने ठोकत गेलात की ते केळ्यासारखं वाकतं, ते सरळ कसं ठेवायचं हे हाताला कळायला शंभरेक ताव लागतात. पी हळद आणि हो गोरी, असलं हे काम नाही.

जपायचं कशाला? निखाऱ्यापेक्षा यंत्राला. भाजलेला हात बरा होतो. पॉलिशचं कापडी चाक मात्र पातं हातातून खेचून तुमच्याच मांडीत फेकतं, आमच्या धंद्यातलं सगळ्यात घातकी यंत्र तेच. धार कायम चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवायची, उलट कधीही नाही. ग्राइंडरजवळ चांगला मास्क हवा, रुमाल नव्हे. जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही भट्टीत टाकायचं नाही. त्याच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. सुती कपडे घाला, नायलॉन अंगाला चिकटतं.

परंपरागत काम करणाऱ्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. अठरा व्यवसायांत लोहार आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख कर्ज. कागद गोळा करायला धीर लागतो, पण त्या पंधरा हजारांत ड्रिल मशीन येतं.

बाजारात काय खपतं?

मला वाटायचं, सगळ्यात देखणी सुरी आधी जाईल. ती तीन जत्रा तशीच परत आली. खपतात त्या चार इंची छोट्या सुऱ्या, खवणीसकट आडाळे, आणि मे महिन्यात कोयत्या. शहरातल्या हस्तकला प्रदर्शनात गणित उलटं. तिथे आडाळो ‘अँटिक’ म्हणून बघतात, फोटो काढतात आणि सुरी घेतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासे कापणाऱ्या बायका येतात. त्यांना काही सांगावं लागत नाही. अंगठ्याचं नख धारेवर आडवं टेकवतात, पातं नखाला धरलं तर भाव विचारतात, घसरलं तर पुढे जातात. ‘आडाळो कसो दिलास?’ हा प्रश्न आला की समजायचं, परीक्षेत पास.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलावर ठरते, कॅलेंडरवर नाही. त्यामुळे माघात माल तयारच ठेवावा लागतो. कुणकेश्वरची महाशिवरात्र निदान पक्की.

मांडणीचं म्हणाल तर धार नेहमी माझ्याकडे, मुठी गिऱ्हाइकाकडे. पात्यांवर चिरलेला पीव्हीसी पाइप घालून ठेवतो. मोठे नग मुलांच्या हाताला पोचणार नाहीत असे मागे. आणि कापून दाखवायचं तर कागद कापून दाखवू नये, तो कुठल्याही नव्या सुरीने कापला जातो. मी आधी सुक्या बांबूचे दहा काप काढतो आणि मग त्याच सुरीने पिकलेला टोमॅटो. गर्दी तिथे थांबते.

भाव कमी होईल का?

दोन घेतल्यात तर धार लावायचा कुरुंदाचा छोटा दगड फुकट. भाव तोच.

धार किती दिवस टिकेल? घरी लावता येईल का?

रोज चार माणसांचा स्वयंपाक असेल तर दीड-दोन महिने. लाकडी पाटावर कापा. स्टीलचं ताट, ग्रॅनाइटचा ओटा, काचेचा बोर्ड यांच्यावर कापलंत तर दोन दिवस. सुरीने नारळ फोडू नका आणि गोठलेलं मांस तोडू नका. ‘टोक तुटलं’ म्हणून परत आलेल्या सुऱ्यांच्या टोकाला बहुतेक वेळा करवंटीचे धागे असतात.

दगड ओला करा, पाठ दगडापासून बोटभर उचला, आणि दगडावरून पातळ पापुद्रा सोलताय असा हात धरा. एका बाजूला वीस हात, दुसऱ्या बाजूला वीस. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडा चालते. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याला द्यायला हरकत नाही, फक्त पाणी मारत लाव म्हणा. कोरड्या चाकावर धारेला निळा रंग दिसला की तिथलं पाणी उतरलं. मग तेवढा भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

आमच्याकडून घेतलेलं अवजार मी आयुष्यभर फुकट शेवटून, म्हणजे धार काढून देतो. आणायचं तुम्ही.

आमच्या घरचा जुना आडाळो दुरुस्त होईल का?

बहुतेक वेळा होतो. लाकूड कुजलं असेल तर नवा पाट बसवतो, खवणीचे दाते कानशीने पुन्हा काढतो. पातं झिजून बोटभर उरलं असेल तर मात्र नवं करावं लागतं, कारण कडक पोलाद धारेपुरतंच असायचं आणि ते कधीच संपलेलं असतं. गेल्या वर्षी मालवणकडच्या एक काकी असा आडाळो घेऊन आल्या. त्यांच्या सासूच्या लग्नातला. नवं पातं केलं, जुना फणसाचा पाट तसाच ठेवला. न्यायला आल्या तेव्हा नख टेकवून बघितलं, मान डोलवली, पैसे मोजले आणि मग विचारलं, ‘जुन्या पात्याचा काय केलंस?’ भंगाराच्या डब्यातून काढून दिलं. त्यांनी ते पदराला पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं.